नेट चालतं, पण फोन लागत नाही: एका वापरलेल्या हँडसेटचं प्रकरण

एका मुलीने आईसाठी वापरलेला फोन घेतला. तीन-चार वर्षांपूर्वीचं वरच्या दर्जाचं मॉडेल, काचेवर ओरखडा नाही, बॅटरी अजून दिवसभर टिकणारी. घेण्याआधी तिला जेवढं सुचलं तेवढं तिने केलं होतं. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, काढला, तो चोरीच्या यादीत नाही हे तपासलं, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग पाहून घेतलं. विकणाऱ्याने स्वतःच्या सिमवरून तिच्यासमोर एक फोन लावून दाखवला. घरी येऊन आईचं सिम घातलं, तर काड्या आल्या, ४जी आलं, व्हॉट्सॲप सुरू झालं, बँकेचा ओटीपीसुद्धा आला. फोन चालतो, विषय संपला.

मग एकेक जण विचारायला लागला, "तुमचा फोन कायम बंद का असतो?" फोन तर आईच्या हातातच असायचा. तिनेही दोन-चार नंबर लावून पाहिले, एकही लागला नाही. मुलीने तिला व्हॉट्सॲपवरून कॉल केला तर आवाज अगदी स्वच्छ. पण आईला ज्यांच्याशी बोलायचं असतं त्यातले निम्मे लोक व्हॉट्सॲपवर नाहीत, आणि दवाखाना किंवा गॅसवाला तर नाहीच नाही.

मी नेटवर्कच्या तपासणीच्या कामात आहे, म्हणून मुलगी माझ्याकडे आली. पहिलाच प्रश्न: "काका, त्याने मला फसवलं का?"

नव्हतं फसवलं. प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते याचसाठी. विकणारा खरं बोलत होता, फोन धडधाकट होता, सिम ठीक होतं, नेटवर्क ठीक होतं. एकेकाला वेगळं काढून पाहिलं तर कुणातच खोट सापडत नव्हती. मात्र हा फोन या कंपनीच्या सिमवर बोलू शकत नव्हता.

आधी नेमकं काय होतं ते पाहिलं

"फोन लागत नाही" एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही, म्हणून आईला माझ्यासमोर नंबर लावायला सांगितला. हिरवं बटण दाबताक्षणी वरच्या कोपऱ्यातलं ४जी गेलं. काड्याही गेल्या. आठ-दहा सेकंद स्क्रीनवर नुसतंच 'डायल करत आहे', कानाला ना रिंग ना कसला आवाज. मग 'मोबाईल नेटवर्क उपलब्ध नाही' असा संदेश आला, आणि तो वाचून होईपर्यंत ४जी परत हजर, काड्या पूर्ण.

४जी जाणं आणि कॉल फसला की लगेच परत येणं, यातच बहुतेक उत्तर होतं. पण अशा वेळी मी पहिल्या संशयावर थांबत नाही, कारण एकाच फोनमध्ये दोन दुखणी असू शकतात. इथे होतीही.

सिम आधी जुन्या फोनमध्ये घालून पाहिलं. कॉल लागला, म्हणजे सिम आणि खातं दोन्ही सुटले.

नंतर लॉक. हप्त्यावर किंवा करारावर विकलेले फोन अनेकदा त्या कंपनीच्या सिमपुरते बांधलेले असतात. अशा फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की अनलॉक कोड मागितला जातो किंवा सिम चालणार नाही असं सांगितलं जातं, आणि इंटरनेटही मिळत नाही. इथे इंटरनेट छान चालत होतं, म्हणजे लॉक नव्हता. आयफोन असता तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर 'कॅरिअर लॉक' ही ओळच असते आणि तिथे सिमवर बंधन नाही असं लिहिलेलं असावं लागतं. अँड्रॉइडवर खात्रीचा मार्ग एकच, परक्या कंपनीचं सिम घालून बघणं. ज्या कंपनीने फोन बांधलाय तिचंच सिम घालून दाखवलं तर लॉक असला तरी दिसत नाही.

तिसरी शक्यता काळ्या यादीची. इथे जरा थांबावं लागेल, कारण मुलीची सगळी भिस्त याच तपासणीवर होती. आयएमईआय पंधरा अंकी असतो. पहिले ८ अंक हँडसेटचा प्रकार सांगतात, पुढचे ६ त्या नगाचा अनुक्रमांक, आणि शेवटचा एक अंक आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघतो, म्हणजे टंकताना चूक झाली तर पकडता येते. चोरीला गेलेल्या किंवा हप्ते थकलेल्या फोनचा हा क्रमांक यादीत टाकला जातो आणि ती यादी मानणारी नेटवर्क त्या हँडसेटला दारातच अडवतात. अडवलं तर सहसा कॉल आणि इंटरनेट दोन्ही जातात. इथे नुसता कॉल जात होता, म्हणजे तेही नव्हतं.

पण मुलीच्या डोक्यात 'आयएमईआय क्लिअर' म्हणजे 'आपल्या नेटवर्कवर चालेल' असं बसलं होतं. चोरीची नाही म्हणून चप्पल पायाला बसतेच असं नाही. त्या तपासणीने एवढंच कळतं की आजवर कुणी या फोनबद्दल तक्रार नोंदवलेली नाही, किंवा नोंदवली असली तर ती या यादीपर्यंत पोचलेली नाही. सगळ्या देशांच्या याद्या एकमेकांना जोडलेल्या नाहीत. फोन जुळतो का, हा प्रश्न त्या यादीला कुणी विचारलेलाच नसतो. काही सिम कंपन्यांच्या पानावर आयएमईआय टाकून जुळणी तपासता येते, तिथे पहिल्या आठ अंकांवरून हँडसेटचा प्रकार ओळखून उत्तर दिलं जातं. ती तपासणी वेगळी आणि कामाची. नाव दोन्हीला आयएमईआय चेक, त्यामुळे घोळ होतोच.

मॉडेलचं नाव नको, क्रमांक हवा

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' या पानावर मॉडेल क्रमांक पाहिला. जाहिरातीत जे नाव होतं तेच हे मॉडेल, पण क्रमांकाच्या शेवटचं अक्षर इथे विकल्या जाणाऱ्या फोनपेक्षा वेगळं. म्हणजे हा नग दुसऱ्या देशातल्या बाजारासाठी बनलेला.

एकाच नावाखाली वेगवेगळे फोन विकले जातात, आणि फरक नुसता खोक्यावरच्या भाषेचा नसतो. आयफोन ७ चं उदाहरण घ्या. ए१६६० या क्रमांकाच्या फोनला जीएसएमबरोबर सीडीएमए हे दुसऱ्या प्रकारचं नेटवर्कही चालायचं, ए१७७८ला सीडीएमए चालायचंच नाही, कारण आतला मोडेमच वेगळ्या कंपनीचा होता. समोर ठेवले तर दोन्ही हुबेहूब. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२१ मध्येही एसएम-जी९९१बी हा आंतरराष्ट्रीय, एसएम-जी९९१यू अमेरिकेतला, एसएम-जी९९१एन कोरियातला. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नगांना सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम. तुमची कंपनी ई-सिम देत नसेल तर पुढचं काही तपासायची गरजच उरत नाही.

क्रमांक कळल्यावर निर्मात्याच्या पानावरून त्या क्रमांकाचे बँड, म्हणजे फोन वारंवारतेच्या ज्या पट्ट्यांवर चालतो त्या, काढले आणि सिम कंपनी वापरते त्या बँडशी ताडून पाहिले. मधले आणि वरचे बँड जुळले. कंपनीचा एक खालचा बँड, सातशेच्या घरातला, या फोनमध्ये नव्हता.

इथे एक खोच आहे. फोनच्या माहितीत '७०० मेगाहर्ट्झ' असं लिहिलेलं होतं, आणि मुलगी ते दाखवून म्हणाली, "आहे की!" पण सातशेच्या आसपास ४जीचे बरेच वेगवेगळे बँड आहेत: १२, १३, १७, २८. त्यांची मांडणी वेगळी, एकाचा फोन दुसऱ्यावर चालेल याची खात्री नाही. आठशेचंही तेच: बँड २० आठशेचा, बँड ५ साडेआठशेचा, आणि दोघांचा एकमेकांना उपयोग नाही. २५००चा बँड ४१ आणि २६००चा बँड ७ यांच्यात तर वारंवारतेचा काही भाग सामाईक आहे, तरी पद्धत निराळी. म्हणून मेगाहर्ट्झ वाचून समाधान मानायचं नाही, बँडचा क्रमांक बघायचा. ५जीचे बँड 'एन' लावून लिहितात, एन७८, एन२८ वगैरे. ५जी नसलं तरी आईचं काही अडणार नव्हतं, म्हणून ती ताडणी मी वरवरच केली.

खालचा बँड नसल्याने काय होतं ते घरातच दिसलं. वारंवारता कमी असली की लहर लांबवर जाते आणि भिंतीत कमी मुरते. वारंवारता दुप्पट झाली तर, अँटेना सारख्याच धरल्या तरी, मोकळ्या हवेतसुद्धा ६ डेसिबल जास्त घट होते. भिंतींचं वेगळं. त्यामुळे खालचा बँड नसलेला फोन रस्त्यावर, गच्चीवर, विकणाऱ्याच्या दारात उत्तम चालतो आणि तुमच्या आतल्या खोलीत मान टाकतो. काड्यांवर मी जात नाही, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक निर्माता आपापलं ठरवतो. सिमच्या माहितीच्या पानावर सिग्नलचा आकडा असतो, उणे चिन्हासह, डीबीएममध्ये. हा उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास निवांत, उणे ११५ च्या पुढे रडारड.

खिडकीशी नव्या फोनवर उणे ९४ आला. आतल्या खोलीत उणे ११९. त्याच जागी, त्याच सिमवर आईच्या जुन्या फोनचा आकडा उणे १०१. अठरा डेसिबलचा फरक म्हणजे जुन्या फोनला साठपटीहून जास्त ताकदीचा सिग्नल मिळत होता. जुना फोन खालच्या बँडवर बसला होता, नव्याला तो बँड ऐकूच येत नव्हता. याला दुरुस्ती नाही. बँड म्हणजे आतले फिल्टर, ॲम्प्लिफायर आणि अँटेना. ते सेटिंग बदलून येत नाहीत.

एक दुखणं सापडलं. पण खिडकीशी सिग्नल भरपूर असूनही कॉल तिथूनही लागत नव्हता, म्हणजे मूळ तक्रार जागच्या जागी.

४जीवर आवाज कसा जातो

४जी हे मुळात इंटरनेटचं नेटवर्क. २जी आणि ३जीमध्ये आवाजासाठी जशी वेगळी वाट राखून ठेवलेली असायची तशी ४जीत नाही. म्हणून सुरुवातीला तोडगा असा निघाला की फोन एरवी ४जीवर राहील, आणि कॉल लावायची किंवा घ्यायची वेळ आली की तेवढ्यापुरता ३जी किंवा २जीवर उतरेल. बोलणं संपलं की पुन्हा ४जी. ज्यांनी दहा वर्षांपूर्वीचे ४जी फोन वापरले आहेत त्यांना बोलताना ४जीच्या जागी एच किंवा ई आलेलं आठवत असेल.

दुसरी पद्धत व्होल्टीची. तीत आवाजही ४जीवरूनच पाकिटांच्या रूपात जातो, खाली उतरावं लागत नाही. आता जगभर जुनी नेटवर्क बंद होत चालली आहेत, आणि जिथे २जी-३जी दोन्ही गेली तिथे व्होल्टीशिवाय साधा कॉल होऊच शकत नाही. आईची सिम कंपनी अशीच, २जी-३जी नसलेली. विकणाऱ्याची कंपनी २जी अजून चालवत होती.

आता ते ४जी जाणं-येणं उलगडतं. हिरवं बटण दाबल्यावर फोन सवयीने खाली उतरला. खाली काहीच नव्हतं. आठ-दहा सेकंद शोधून, हात हलवत पुन्हा वर आला. विकणाऱ्याच्या सिमवर तोच फोन उतरला तेव्हा खाली २जी होतं, कॉल लागला, आणि मुलीने तो डोळ्यांनी पाहिला. बोलताना वरचं ४जी गेलेलं होतं का, हे तेव्हा कोण बघणार?

येणाऱ्या कॉलचंही तसंच. नेटवर्कने हाक मारली तरी फोनला तो कॉल घ्यायला जागा नाही, म्हणून लावणाऱ्याला 'बंद आहे' किंवा 'संपर्कक्षेत्राबाहेर आहे' अशी टेप ऐकू यायची.

मग ओटीपी कसा आला? मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा मला बरं वाटलं, कारण दिशाभूल नेमकी तिथेच झाली होती. अनेक नेटवर्कवर एसएमएस पोचवायला व्होल्टी लागत नाही. ४जीच्या नोंदणीच्या वाटेनेच, फोनला खाली न उतरवता, तो पोचवता येतो. त्यामुळे एसएमएस आला याचा अर्थ कॉल येईल असा होत नाही.

खातरजमा करायला अँड्रॉइडचा चाचणी मेनू उघडला: *#*#४६३६#*#*. काही निर्माते हा मेनू बंद ठेवतात, या फोनवर उघडला. त्यात आयएमएसची स्थिती दिसते. आयएमएस म्हणजे ४जीवर आवाजाची नोंदणी जिथे होते ती यंत्रणा. तिथे लिहिलं होतं 'नोंदणी नाही', आणि व्होल्टी 'उपलब्ध नाही'. सिमच्या सेटिंग्जमध्ये व्होल्टीचं बटण असायला हवं होतं, तेही गायब.

हार्डवेअरला व्होल्टी येत होती. हेच मॉडेल इथल्या क्रमांकाने घेतलं तर याच कंपनीवर बोलतं. अडचण अशी की व्होल्टी कशी जोडायची याचे बारकावे प्रत्येक सिम कंपनीचे थोडे वेगळे असतात, आणि फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची नोंद असेल तरच निर्माता ती चालू करतो. परदेशी बाजारासाठी बनलेल्या नगात या कंपनीची नोंद नव्हती. गूगलच्या पिक्सेल फोनबद्दल हा अनुभव जगजाहीर आहे. जिथे ते अधिकृतपणे विकले जात नाहीत तिथे व्होल्टी बऱ्याचदा बंद राहते, फोन कितीही नवा असो. याशिवाय काही कंपन्या स्वतःकडेही मान्य हँडसेटची यादी ठेवतात. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ३जी बंद केलं तेव्हा यादीत नसलेले कितीतरी ४जी फोन नुसत्या इंटरनेटपुरते उरले किंवा तेही नाही.

दुरुस्तीचे प्रयत्न, आणि जे करू दिले नाहीत

नेटवर्क सेटिंग रीसेट केली, सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. काही नाही. अपेक्षितच होतं, पण एवढं करून न पाहता निकाल द्यायचा नसतो.

सिम कंपनीच्या मदत क्रमांकावर मुलीने विचारलं, तर उत्तर आलं, "४जी फोन असेल तर चालेल." हे उत्तर घेऊन फोन ठेवायचा नाही. तिला प्रश्न बदलायला सांगितला: या मॉडेल क्रमांकावर तुमची व्होल्टी चालू होते का? आता पलीकडच्या माणसाला यादी उघडावीच लागली, आणि क्रमांक यादीत नव्हता. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं, यात त्या माणसाचाही फार दोष नाही.

मुलीला शोधाशोध करून एक मार्ग सापडला होता. फोनमध्ये दुसऱ्या प्रदेशाचं सॉफ्टवेअर चढवायचं, किंवा लपलेलं व्होल्टीचं बटण चालू करणारं ॲप टाकायचं. यातली काही ॲप खरोखर काम करतात. स्वतःच्या फोनवर हौसेने करणाऱ्याला मी अडवत नाही. आईच्या फोनवर करू दिलं नाही. पुढच्या अद्ययावतीकरणानंतर ते टिकेल याची हमी नाही, आणि बंद पडलं तर फोन मुका झालाय हे पुन्हा शेजारीच सांगणार.

दुसरं कारण जास्त गंभीर. नेहमीचा कॉल व्होल्टीवरून जात असला तरी तातडीच्या मदतीचा कॉल फोन वेगळ्या रीतीने लावू शकतो. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतलं, तेव्हा असे हँडसेट निघाले की जे एरवी ४जीवर बोलायचे पण तातडीच्या ०००ला फोन लावताना ३जी शोधायचे. शेवटी असे हँडसेट नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत असा नियम झाला आणि परदेशातून आणलेले काही धडधाकट फोनही त्यात बाद झाले. मदतीचा क्रमांक उगीच लावून चाचणी घेता येत नाही, घेऊही नये. म्हणजे जुगाड करून चालू केलेल्या फोनमध्ये हा एक कॉल जाईल का, हे कळायला मार्ग नाही. आईसाठी फोन घ्यायचा आणि नेमका तोच कॉल अधांतरी ठेवायचा, हे मला पटलं नाही.

"मग वायफाय कॉलिंग?" मुलीचा पुढचा प्रश्न. तेही त्याच आयएमएसच्या नोंदणीवर चालतं. नोंदणी नाही तर वायफायवरूनही कॉल नाही.

दुसऱ्या कंपनीचं सिम घेणं शक्य होतं, म्हणजे जिचं २जी चालू आहे तिचं. मी ते सुचवलं नाही. २जी आज आहे, उद्याचं सांगता येत नाही, आणि आतल्या खोलीचं दुखणं बहुधा तसंच राहिलं असतं. फोन परत करायचं ठरलं.

विकणारा आधी जरा तडकला. "ताई, तुमच्यासमोर फोन लावून दाखवला होता ना?" त्याचं चुकत नव्हतं. मग मुलीने आईचं सिम त्याच्यासमोरच घातलं आणि त्यालाच नंबर लावायला दिला. ४जी जाऊन परत येताना त्याने स्वतः पाहिलं. थोडी रक्कम कापून त्याने फोन परत घेतला. मला हा सौदा रास्त वाटला.

दुसरा फोन

तेच मॉडेल, या वेळी इथल्या क्रमांकाचं, दुसऱ्या माणसाकडून. तो दूर राहणारा होता, म्हणून भेटीआधी त्याच्याकडून दोन गोष्टी मागवल्या: 'फोनबद्दल' पानाचा स्क्रीनशॉट आणि आयएमईआयचे पहिले आठ अंक. पूर्ण आयएमईआय तो द्यायला तयार नव्हता आणि मला त्याचं बरोबरच वाटलं. हा क्रमांक अनोळखी माणसाला देऊ नये, त्याची नक्कल होऊ शकते. प्रकार ओळखायला आठ अंक पुरतात, उरलेले भेटल्यावर.

भेटीला मुलगी आईचं सिम घेऊन गेली. सिम घातलं, वायफाय बंद केलं. हे वायफाय बंद करणं लोक विसरतात, आणि मग विकणाऱ्याच्या घरच्या इंटरनेटवर सगळं झकास चालताना पाहून पैसे देतात. नंबर लावताना तिची नजर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर होती. ४जी तसंच राहिलं, रिंग वाजली. बोलणं चालू ठेवूनच तिने ब्राउझरमध्ये एक पान उघडलं, तेही उघडलं. कॉल चालू असताना ४जीवर इंटरनेट चालतंय म्हणजे आवाजही ४जीवरूनच जातोय. मग मी तिला फोन केला, कारण जाणारा कॉल लागला म्हणून येणारा येईलच असं धरून चालायचं नसतं. आवाज दोन्हीकडून नीट येतोय ना, हे मिनिटभर बोलून पाहिलं. माईकची तक्रार पाच सेकंदांच्या 'हॅलो, हॅलो'त कळत नाही.

सिग्नलचा आकडा तिने तिथल्या आतल्या खोलीत जाऊन घेतला आणि शेजारी आईचा जुना फोन धरून त्याचाही घेतला. आकडे जवळपास सारखे. ही ताडणी दुरुस्त केलेल्या फोनसाठी खास उपयोगी आहे. मागची काच किंवा स्क्रीन बदलताना अँटेनाची बारीक वायर नीट बसली नाही तर बँड, व्होल्टी, यादी सगळं बरोबर असूनही फोन फक्त टॉवरखाली चालतो. कागदावरच्या कुठल्याही तपासणीत ते सापडत नाही.

*#०६# वर आलेला आयएमईआय सेटिंग्जमधल्याशी जुळवला. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही पाहिले. खोक्यावरचा मात्र जुळेना. विकणारा म्हणाला, घरात दोघांचे सारखेच फोन आहेत, खोकी बदलली असतील. असेलही. पण खऱ्या खोक्याचा फोटो येईपर्यंत मुलीने पैसे दिले नाहीत. फोटो आला, क्रमांक जुळला.

विकणाऱ्याचं खातं फोनमधून काढून, फोन रीसेट करून, पुन्हा सुरू होताना जुना पासवर्ड मागत नाही ना, हेही तिथेच पाहिलं. अँड्रॉइडवर हे कुलूप ५.१ या आवृत्तीपासून आहे आणि आयफोनवर २०१३ पासून, आयओएस ७ बरोबर आलेलं. नेटवर्कशी याचा काही संबंध नाही, पण तिथून उठल्यावर कळलं तर विकणाऱ्याच्या मागे लागावं लागतं.

एक उणीव राहिली. दुसऱ्या खाच्यात सिम घातलं तर व्होल्टी चालू होईना, पहिल्या खाच्यात नीट. आईचं सिम एकच, म्हणून त्याचा बाऊ केला नाही. दोन सिम वापरणाऱ्याने मात्र दोन्ही खाच्यांतून कॉल करून बघावा.

आणि एक धोका असा आहे की जो कुठल्याही चाचणीत दिसत नाही. फोनचे हप्ते बाकी असतील किंवा विकणाऱ्याने नंतर चोरीची तक्रार दिली, तर आज स्वच्छ असलेला आयएमईआय पुढे कधीतरी यादीत जाऊ शकतो. म्हणून मूळ खरेदीचं बिल घेतलं, हप्ते फिटल्याचा संदेश पाहिला, आणि दोन्ही आयएमईआय लिहून विकणाऱ्याच्या सहीची पावती करून घेतली. सही करताना तो म्हणाला, "एवढं तर मी घर भाड्याने घेतानाही लिहून दिलं नव्हतं." पावती मुलीने बिलाला टाचून ठेवली आहे, आणि फोटो काढून आईच्या फोनऐवजी स्वतःच्या फोनमध्ये ठेवला आहे.